दस्त्यातली पोकळी

बोलायला मला तोंड उरलेलं नाही, तरी आज बोलणार आहे. मी रायफल. घाबरू नका. माझ्यातून गोळी सुटण्याचे दिवस केव्हाच संपले. त्यानंतर मी कवायतीची झाले, आणि आता तीही राहिले नाही. आज मला या घरातून नेणार आहेत. त्याआधी, या घरात कुणीच कुणाला जे सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते.

माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, नळी पोलादाची. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा आम्ही सगळ्या बहिणी हुबेहूब सारख्या होतो. वेगळेपण काय ते अंगावरच्या नंबरात. मी एका तरुण जवानाच्या वाट्याला आले. तो स्वतःचे दात घासायला विसरायचा, पण मला पुसायला कधी विसरला नाही. घरची आठवण आली की मला गुडघ्यांत उभी धरून माझ्यावर हनुवटी टेकवून बसायचा. एका सकाळी ओढ्याच्या काठी तो पडला. मी त्याच्या अंगाखाली होते. बराच वेळ तो उबदार होता, मग नव्हता. लढाईबद्दल मला एवढंच सांगता येतं. बाकीचं तुम्ही माणसं भाषणात सांगताच.

पुढे नव्या रायफली आल्या आणि आम्हाला कोठारात टाकलं. कित्येक वर्षं आम्ही तिथे एकमेकींवर रचून पडलो होतो. गंज चढला, दस्ते काळेकुट्ट झाले. मग एके दिवशी आम्हाला ओळीने एका टेबलावर घेतलं. चामड्याचा अ‍ॅप्रन बांधलेल्या माणसाने माझ्या नळीत पोलादी सळई ठोकली आणि झाळून टाकली. गोळीवर ठोका देणारी आतली टोचणी काढून घेतली. त्याने कागदावर शिक्का मारला आणि म्हणाला, “ही निकामी. पुढची आणा.”

वाईट वाटलं का? गोळी गेल्याचं नाही वाटलं. सुटलेच म्हणा ना. पण ‘निकामी’ हा शब्द मात्र लागला.

तेव्हा उस्ताद आले. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, मिशी कापलेल्या ब्रशासारखी. त्यांचं एक कवायत पथक होतं. काही निवृत्त फौजी, काही हौशी तरुण मुलं-मुली. लढाईत गेलेल्यांच्या स्मारकापुढे दर वर्षी मानवंदना द्यायची, कुणी जुना फौजी वारला की अखेरची सलामी द्यायची, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांना निकामी रायफली हव्या होत्या. ढिगातून एकेक उचलून ते डोळे मिटून तळहातावर तोलत होते. मला उचललं आणि थांबले.

“ही माझी,” ते म्हणाले. “गंजलीय, पण तोल बघा हिचा. तराजूच्या काट्यासारखी उभी राहते.”

टेम्पोत घालून आम्हाला त्यांच्या घरी आणलं. घरामागे पत्र्याच्या छपराचा कारखाना होता. कारखाना कसला, एक लांब खोली. भिंतीला टांगलेल्या पटाश्या, गिरमिटं, रंधे, आणि सगळीकडे जवसाच्या तेलाचा वास. तिथे राज्य होतं काकूंचं. काकू म्हणजे उस्तादांची बायको. पथकातली मुलं त्यांना काकू म्हणायची, म्हणून मीही म्हणते. त्यांचे वडील फर्निचरला पॉलिश करायचे, त्यांच्याकडून त्या शिकल्या होत्या.

आमचा ढीग बघून त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, हे काय भंगार उचलून आणलंत?”

“भंगार नाही गं, सुना आणल्यात तुला. नटव आता.”

“सासूचे हाल करायला आणल्यात!” असं म्हणत त्यांनी पदर खोचला आणि पहिलं मलाच उचललं.

काकूंनी मला सुटी सुटी केली. लोखंडाचा गंज तारेच्या चोथ्याने काढला. दस्त्यावरचा जुना मळका थर खरवडला. मला जागोजागी खोचा पडल्या होत्या. त्यांवर त्या ओलं फडकं ठेवायच्या आणि वरून कडक इस्त्री दाबायच्या. वाफ आत शिरली की चेपलेलं लाकूड फुगून वर यायचं. मग बारीक पॉलिश पेपर, मग तेल. तेल त्या ब्रशाने लावत नसत, तळहाताने चोळत. रोज एक हात. तळहात गरम होईपर्यंत चोळायच्या आणि चोळता चोळता बडबडायच्या. भाजी महाग झाली, मुलीचं डोकं फिरलंय, उस्ताद घोरतात. माझ्या नसानसांत तेलाबरोबर ते घर मुरलं. शेवटचा हात झाला आणि त्यांनी मला उजेडात धरलं, तेव्हा अक्रोडाच्या लाकडातल्या रेषा मलाच नव्याने दिसल्या.

“काय रूप आलंय बघा,” काकू म्हणाल्या. “हिला तरी पॉलिश मिळतं. आम्ही अशाच जुन्या होणार.”

उस्ताद हसून म्हणाले, “तुला कशाला पॉलिश? तुझा मूळचाच रंग पक्का आहे.”

काकू लाजल्या होत्या. मी बघितलं.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं. पथकात प्रत्येकाची रायफल ठरलेली, मी उस्तादांची. मानवंदनेच्या शेवटी पथक सलामीत स्तब्ध व्हायचं आणि उस्ताद एकटे पुढे यायचे. ते मला एका हाताने वर फेकत. हवेत माझी एक पूर्ण फिरकी व्हायची, आणि मी त्यांच्या उजव्या तळहातावर पाखरासारखी येऊन बसायचे. ‘टप्’ असा एकच आवाज. समोर बसलेल्या आया, बायका, भाऊ, कुणीच टाळी वाजवत नसे. तिथे टाळी वाजवायची नसते. पण सगळ्यांचा रोखलेला श्वास सुटलेला मला ऐकू यायचा.

उस्तादांची मुलगी याच पथकात वाढली. बापासारखीच ताठ, बापासारखीच हट्टी. मोठी झाली, नोकरीला लागली, वेगळं घर केलं, पण सरावाला कधी चुकली नाही. तिच्या हातात फिरकी उतरली होती. पुढे पथक तीच चालवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कधी, ते उस्तादांनी सांगितलं नव्हतं.

मग उस्तादांचा हात थरथरायला लागला.

पहिल्यांदा कपात. चहा बशीत सांडायचा आणि ते म्हणायचे, “कपच डगडगतोय.” मग शर्टाची बटणं लावताना. काकू पुढे होऊन बटण लावायच्या, तर हात झटकायचे. डॉक्टरांनी सांगितलं की नसांचा आजार आहे, गोळ्यांनी धीमा होईल, बरा व्हायचा नाही. दवाखान्यातून आल्यावर उस्ताद सरळ कारखान्यात आले आणि मला मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या बोटांची थरथर माझ्या नळीत उतरत होती, लांबवर गाडी जात असल्यासारखी.

त्या वर्षीची मानवंदना जवळ आली. मुलगी आईवडिलांपुढे बसली. “बाबा, या वेळी फिरकी मी करते. तुम्ही हुकूम द्या.”

“यंदा शेवटची,” उस्ताद म्हणाले. “पुढल्या वर्षापासून तूच. पण शेवटची मला करू दे.”

“आणि पडली तर?”

“इतक्या वर्षांत पडली का?”

“तेव्हा हात बरा होता, बाबा.”

उस्ताद उठून आत गेले. मुलगी आईला म्हणाली, “तू सांग ना त्यांना.”

काकूंनी सांगितलं नाही. त्यांनी दुसरंच केलं.

मानवंदनेच्या आधी आम्हा सगळ्यांना तेलाचा हात द्यायची पद्धत होती. मी कारखान्यात आले. उस्ताद रोज मैदानावर दुसरीच एखादी रायफल घेऊन सराव करत होते आणि मनगट चोळत परत येत होते. काकू खिडकीतून बघायच्या. ते कण्हायचे नाहीत, पण दारातून आत येण्याआधी उंबऱ्याशी क्षणभर थांबायचे, चेहरा नीट करायचे आणि मग आत यायचे. ते थांबणं काकूंना बघवेना.

एका दुपारी उस्ताद सरावाला गेल्यावर काकूंनी दाराला कडी घातली. माझ्या दस्त्याच्या बुडाशी पितळेची पाटी असते. तिचे स्क्रू त्यांनी काढले. पूर्वी साफसफाईचं सामान ठेवायला तिथे लाकडात एक बारीक भोक पाडलेलं होतं. काकूंनी मोठं गिरमिट घेतलं आणि ते भोक रुंद करायला सुरुवात केली. मग गोल पटाशी. लाकडाच्या चकत्या निघत होत्या, आतून, जिथे कधी उजेड पडला नव्हता तिथून. मला दुखलं नाही. काकूंचा हात इतका हलका होता की दुखणार कसं? त्यांच्या डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या.

“चार किलोंचं धूड उचलतात ते,” त्या मला म्हणाल्या. “थोडी हलकी हो बाई. तेवढंच त्यांना सोपं जाईल. आणि सांगू नकोस हं कुणाला.”

भुसा त्यांनी चुलीत टाकला. पाटी परत बसवली, स्क्रूच्या खाचांवर बोटाने काळं लावलं. बाहेरून मी होते तशीच दिसत होते, किंबहुना जास्तच देखणी.

काकूंना लाकूड कळत होतं. लाकडाचा वास, वय, पोत, सगळं. पण रायफल हवेत कशी फिरते ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी जन्मात कधी रायफल फेकली नव्हती. माझ्या दस्त्यातून थोडंसं वजन गेलं, एवढाच त्यांचा हिशोब. माझा काट्यासारखा तोल गेला, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि मला तर बोलता येत नव्हतं.

मानवंदनेच्या सकाळी आम्ही सगळ्या कारखान्यात भिंतीला टेकून उभ्या होतो. उस्ताद कडक गणवेशात आले. मला उचललं आणि सवयीने तळहातावर आडवी तोलली.

ते जागच्या जागी थबकले.

मला नळीकडे झुकताना त्यांनी बघितलं. पुन्हा तोललं. दस्त्याची पाटी डोळ्यांजवळ नेली आणि स्क्रूवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काळं लागलं.  मग मला हळूच म्हणाले, “हलकी केली होय गं तुला.” रागाने नाही. एखाद्या मुलीचे केस कापलेले बघून बापाने म्हणावं तसं.

शेजारीच दुसरी रायफल होती. पुऱ्या वजनाची, पुऱ्या तोलाची. उस्तादांनी मला खाली ठेवलं आणि तिच्याकडे हात नेला. त्यांची बोटं तिला लागलीसुद्धा.

तेवढ्यात काकू दारात आल्या. हातात उस्तादांची टोपी, अंगावर ठेवणीतली साडी. “काय हो, कशी झालीय तुमची लाडकी?” त्या म्हणाल्या. हसत होत्या, पण बोटांनी टोपीची कड चुरत होत्या.

उस्तादांनी हात मागे घेतला. मला उचललं आणि म्हणाले, “झकास. अशी कधीच झाली नव्हती.”

मैदानावर ऊन होतं. स्मारकापुढच्या खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत त्या वर्षी मुलगा गमावलेली एक आई बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. पथक सलामीत स्तब्ध झालं. उस्ताद पुढे आले. त्यांचा हात थरथरत होता, पण मी सांगते, फेकताना थरथरला नाही. फेक अगदी नेमकी होती, जुन्या दिवसांसारखी.

चुकले ते मी. माझा दस्ता हलका झाला होता, तो भर्रकन वर आला. रोज जिथे वळायचे तिथे मी आधीच वळून गेले होते. उस्तादांना ते दिसलं. त्यांनी हात पुढे काढला, वेळेच्या आधी, जिथे मी येईन असं त्यांना वाटलं तिथे. त्यांची बोटं मला लागली. पुऱ्या ताकदीच्या बोटांनी मला तिथेही पकडलं असतं. त्या बोटांना जमलं नाही.

स्मारकापुढच्या फरशीवर मी आपटले. तो आवाज मी विसरू शकत नाही. मुठीत धरायच्या निमुळत्या जागी दस्त्याला चीर गेली.

उस्ताद वाकले, मला उचललं, सलामीत धरलं आणि उभे राहिले. कुणीतरी मागून टाळ्या वाजवायला लागलं. धीर द्यायला म्हणून. मग सगळेच वाजवायला लागले. जिथे टाळी वाजवायची नसते तिथे. उस्तादांचा चेहरा हलला नाही, पण माझ्या नळीवरचा त्यांचा तळहात घामाने निसरडा झाला होता.

घरी आल्यावर मुलीचा बांध फुटला. “सांगितलं होतं मी! हात चालत नाही तुमचा, मान्य का करत नाही? लोकांनी मोबाइलवर घेतलंय ते. हसतायत आपल्याला. त्या बाईच्या मुलाचा दिवस होता तो, बाबा. तुमचा नव्हता.”

काकू कारखान्याच्या दारात उभ्या होत्या. पांढऱ्याफटक. “अगं, ऐक, त्यांचा नाही…”

“बरोबर बोलतेय ती,” उस्ताद मध्येच म्हणाले. “हातच गेला माझा. उद्यापासून पथक तुझं.”

मुलगी रडत निघून गेली. काकू पुढे आल्या. “अहो, मला तुम्हाला एक…”

“पॉलिश काय देखणं झालं होतं गं,” उस्ताद म्हणाले. “उन्हात नुसती झळकत होती. पहिल्या रांगेतसुद्धा कुणीतरी म्हणालं.”

कुणीही तसं म्हणालं नव्हतं. मी तिथेच होते. पण काकूंचं सांगणं राहिलं ते राहिलंच. त्यांना वाटलं, ह्यांना काही कळलेलं नाही. ह्यांना खरंच वाटतंय की हात गेला. आता सांगून तरी काय मिळणार?

मला दुरुस्त करताना काकूंनी चिरेत सरस भरला, लाकडी खुंटी ठोकली, फडक्याने आवळून ठेवलं. ती पोकळीही बुजवायची त्यांची फार इच्छा होती. पण उस्ताद आता कुठे जातच नव्हते. दिवसभर कारखान्यात स्टुलावर बसून राहायचे, काकूंचं काम बघत. त्यांच्यादेखत माझी पाटी उघडणार कशी? काकू पेचकस हातात घ्यायच्या आणि परत ठेवायच्या. उस्तादांना तेही दिसायचं. मग ते उगाचच खिडकीबाहेर बघत विचारायचे, “चहा करतेस का गं?”

असं एकाच खोलीत ती दोघं राहिली. एकमेकांना जपत. दोघांच्या मध्ये मी.

एका हिवाळ्यात उस्ताद गेले. शेवटी त्यांना चमचाही धरता येत नव्हता. काकू भरवायच्या आणि ते म्हणायचे, “तुझा हात किती हलका आहे.” काकू तोंड फिरवायच्या.

अखेरची सलामी पथकानेच दिली. मुलगी मला न्यायला कारखान्यात आली. तिने मला उचललं, आणि बापाने लहानपणापासून लावलेल्या सवयीने तळहातावर तोललं. ती तशीच उभी राहिली. मग तिने पाटीवरचे स्क्रू बघितले. मग खिडकीतून बाहेर बघितलं. तिथे काकू लोकांमध्ये बसल्या होत्या, कुणीतरी त्यांना पाणी पाजत होतं.

मुलगी खाली बसली. माझ्या दस्त्यावर कपाळ टेकवलं आणि नुसतं “बाबा, बाबा” करत राहिली. बापाला जे बोलली होती ते आता परत घ्यायचं तर बाप बाहेर फुलांत झाकलेला. मग ती उठली, तोंड धुतलं आणि बाहेर जाऊन सलामी दिली. तिने मला फेकलं नाही. छातीशी धरून ठेवलं.

त्यालाही आता वर्षं झाली. पथकाने हलक्या, फायबरच्या रायफली घेतल्या. पडल्या तरी चीर जात नाही, पॉलिशची कटकट नाही. कारखान्यात काम उरलं नाही. काकू थकल्या, तरी मला रोज पुसत. पथकाच्या सभागृहात काचेचं कपाट केलंय, त्यात मला ठेवायचं ठरलंय. खाली पाटी असेल, ‘उस्तादांची रायफल’.

आज मुलगी मला न्यायला आली. काकूंनी मला चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. मुलीने उचललं तशा त्या म्हणाल्या, “थांब. तुला एक सांगायचंय. किती वर्षं सांगायचंय.”

“मला माहितेय, आई.”

“कधीपासून?” काकूंनी विचारलं.

“बाबांना नेलं त्या दिवसापासून. उचलल्याबरोबर कळलं.”

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, “तरी बरं, त्यांना कळलं नाही. कळलं असतं तर…”

मुलगी त्यांच्याजवळ बसली. “आई, मला एका हाताने उचलल्याबरोबर कळलं. बाबांना कळलं नसेल?”

“नाही गं. कळलं असतं तर दुसरी घेतली असती त्यांनी. शेजारीच तर होती.”

“घेत होते. मी अंगणात गाडी पुसत होते, खिडकीतून दिसत होतं. मला तेव्हा काही उमजलं नाही. बाबांनी हिला खाली ठेवलं, दुसरीला हात लावला, आणि मग परत हिलाच उचललं.”

“का पण?”

मुलीने आईचा हात हातात घेतला. “तू दारात येऊन उभी राहिलीस ना.”

 काकूंनी माझी चादर सोडली आणि तळहात दस्त्यावर ठेवला. तेल नव्हतं, तरी चोळत राहिल्या, गरम होईपर्यंत. मग त्यांच्या घशातून असा आवाज निघाला, जो मी ओढ्याच्या काठीही ऐकला नव्हता. मुलीने त्यांना धरून ठेवलं. 

शेवटी काकूंनीच मला नीट गुंडाळलं. “ने आता,” म्हणाल्या. “हळू ने.”

आता मी मुलीच्या खांद्यावर आहे. अंगण ओलांडतेय. दारात काकू उभ्या आहेत. कधी त्या सभागृहात आलात आणि काचेआड मला बघितलंत, तर माझ्या नळीकडे बघू नका, युद्धाचं विचारू नका. दस्त्याचा रंग तेवढा बघा. तो तेलाचा नाही, एका बाईच्या तळहाताचा आहे.

घरातून निघताना माणसं ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणतात, परत यायचं असतं म्हणून. मी या घरात पुन्हा यायची नाही. काकूंशी खोटं बोलणारे आधीच पुष्कळ झाले.

जाते मी, काकू.